विषय: अंक पाठ आहेत, पण मोजता येत नाही

नमस्कार मंडळी,
मुलगा साडेतीनचा झाला. एक ते वीस घडाघडा म्हणतो, पण समोर पाच बटणं ठेवली की एकावर दोनदा बोट ठेवतो, एखादं गाळतो आणि "सात!" म्हणून मोकळा होतो. अक्षरं गिरवायला बसवलं की पेन्सिल टेबलाखाली. छापून ठेवलेल्या कागदांचा गठ्ठा तसाच पडलाय. घरच्या घरी, फार वेळ न लागता काय करून घेता येईल?

---

अगं, वयानं मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. बरीच वर्षं बालवाडीत शिकवलंय. तो गठ्ठा आधी कपाटात टाक.

अंक म्हणणं हे पाठांतर, मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच अंक, आणि शेवटी जो अंक आला तेवढ्या वस्तू, हे दोन्ही कळावं लागतं. मोजून झाल्यावर विचार, "मग किती आहेत?" तो पुन्हा एकपासून सुरू झाला तर दुसरी गोष्ट अजून कळलेली नाही. बटणं टेबलावर मोजायला लावू नकोस. एकेक उचलून डब्यात टाकत मोजू दे. टाकलेलं बटण पुन्हा मोजलं जात नाही, निम्मा घोळ तिथंच मिटतो. तीनपर्यंत पक्कं झालं की पाच. वीसची घाई कशाला? ताटं मांडताना "प्रत्येकाला एक चमचा" हेही मोजणंच.

आणि बटणं लांब-लांब मांडल्यावर तो "आता जास्त झाली" म्हणाला तर वाद घालू नकोस. या वयात तसंच वाटतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मुलांसमोर अशाच रांगा मांडून हे दाखवलं होतं.

पेन्सिलीचं म्हणशील तर बोटांत जोर आल्याशिवाय ती धरवत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे डब्याच्या काठावर लावू दे, ओला स्पंज पिळू दे, छोट्या जगमधून पेल्यात पाणी ओतू दे. खाली ट्रे ठेव, सांडणारच. सांडलेलं त्यालाच पुसू दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या बालवाड्या पानं, बिया, दगड अशा हाताशी असलेल्या वस्तूंवरच चालवल्या. विकतचं काही लागत नाही.

---

बाईंचं पटलं, पण एक सावधगिरी. आमच्याकडे धाकटी दीड वर्षाची आहे, दिसेल ते तोंडात घालते. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तिच्या हाती द्यायची नाही. म्हणजे बटणं बाद. आम्ही मोज्यांच्या जोड्या लावतो. रंग, लहान-मोठा, मोजणी सगळं त्यातच होतं आणि घड्याही निघतात.

कागदांवर मात्र बाईंएवढा राग नाही माझा. मुलाला आवडत असतील तर करू द्या की. टॅबवरच्या "शैक्षणिक" खेळांबद्दल मी जास्त कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, कमी असेल तर उत्तमच.

पण अक्षरांचं काय? मोठी चार वर्षांची आहे.

---

आधी कानानं. "मला दिसतंय असं काहीतरी, 'ख'नं सुरू होतं." खिडकी, खुर्ची, खोका. अक्षर दाखवायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग तिनं कोडं घालायचं, आपण ओळखायचं. चुकीचंही ओळखायचं मधूनमधून, म्हणजे ती चूक पकडते. गाडीत, रांगेत, कुठंही जमतं. कागद आवडीनं करत असेल तर माझी ना नाही, मागे लागून करून घेऊ नका एवढंच.

---

बाई, आभार. चिमटे आजच काढले. कात्री कधी द्यायची?

---

आत्ताही चालेल, गोल टोकाची, आणि शेजारी बसून. कागदाची बोटभर रुंद पट्टी दे, एका कापात तुकडा पडेल अशी. जाडसर कागद घे, पातळ दुमडतो. अंगठा वरच्या भोकात. डावरा असेल तर डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, तीच आण.