हिरवळीत अळ्या: औषध मारू की थांबू?

गवत्या: मंडळी, तीन आठवड्यांपूर्वी अंगणातल्या दिव्याभोवती राखाडी-तपकिरी पतंग दिसायला लागले, अजूनही येतात. तेव्हा लक्ष दिलं नाही. आता हरळीच्या हिरवळीत पिवळा पट्टा पडलाय आणि रोज सकाळी तो वीतभर पुढे सरकलेला असतो. दिवसा एक अळी सापडेल तर शपथ! शेजारी म्हणतात हुमणी आहे, सगळं खणून काढा. काय करू?

मातीतली: थांबा, खणू नका. आधी गवत मुठीत धरून ओढा. हुमणी मुळं खाते, त्यामुळे गवत सतरंजीसारखं उचलून येतं. मुळं घट्ट आणि पाती कुरतडलेली असतील तर लष्करी अळी. ती दिवसा बुडख्याशी दडते, रात्री चरते. खात्री करायची तर 4 लिटर पाण्यात भांड्यांचा पातळ साबण दोन मोठे चमचे घालून हातभर जागेत ओता, दहा मिनिटांत वर येतील. पण ओतायचं ते पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवर. मधल्या भागातली पंगत कधीच उठलेली असते.

गवत्या: मुळं घट्ट. साबणाने चौदा वर आल्या! हिरवट-तपकिरी, पाठीवर दोन्हीकडे काळ्या खुणांच्या रांगा, डिवचलं की वेटोळं. मक्यावर येते तीच लष्करी अळी का ही?

पतंगखूळ: नाही. मक्यावरचीच्या डोक्यावर उलटा वाय असतो आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. वर्णनावरून ही स्पोडोप्टेरा मॉरिशिया, म्हणजे हिरवळीवरची लष्करी अळी वाटते, हरळी तिची आवडती. बीटी, म्हणजे अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध, फवारायचं तर संध्याकाळी, उन्हात ते लवकर निकामी होतं. शिवाय ते पोटात जावं लागतं आणि लहान अळ्यांवरच नीट चालतं. तुमच्या केवढ्या आहेत?

गवत्या: बोटाच्या दीड पेराएवढ्या.

पतंगखूळ: मग पैसे वाया. चार-सहा दिवसांत मातीत कोशात जातील.

मातीतली: मी तर काहीच मारणार नाही. जहाल औषधाने साळुंक्यांचं खाणं जातं आणि अळ्या खाणारे किडेही मरतात. बुडखे शाबूत असतील तर हरळी पुन्हा फुटते, फक्त पाणी तोडू नका.

पतंगखूळ: पुढची पिढी मात्र अडवा. दिव्याजवळची भिंत, वरच्या पानांची खालची बाजू बघा. मळकट लोकरीचा बोळा चिकटल्यासारखं दिसेल. मादी पोटावरचे केस लावून अंडी झाकते. खरवडून साबणाच्या पाण्यात टाका, आणि रात्री दिवा बंद ठेवा.

गवत्या: आत्ता टॉर्च घेऊन पाहिलं. दिव्याच्या झाकणाखाली तीन बोळे. दोन खरवडले. तिसरा फुटलाय, दोऱ्यासारख्या बारीक अळ्या तंतूला लोंबकळत गवतात उतरतायत. बीटी आणायला निघालो.