उंदरांवर टेस्ट झालीय म्हणजे शंखपुष्पी फिट्सवर चालते का?

पाऊसवेडा:
लहान भावाला आकडी येते, सात वर्षं फेनिटॉइन ही फिट्सची गोळी चालू आहे तरी महिन्याकाठी एखादी येतेच. परवा एक संशोधनाचा पेपर वाचला, शंखपुष्पीचा अर्क दिलेले उंदीर शॉकनंतर लवकर सावरले म्हणे. आईने पंधरा दिवसांपूर्वीच शंखपुष्पी सिरप चालू केलंय, मी पण म्हटलं झाडपाला आहे, काय होणारे. उंदरांवरनं माणसाचा कितपत अंदाज येतो?

रिकामाकागद:
उंदीर राहू द्या, आधी सिरपचं डॉक्टरांना सांगा, आजच!! नेमक्या याच जोडीवर १९९२ मध्ये अभ्यास छापून आलाय. दोन पेशंटच्या आटोक्यात असलेल्या फिट्स अचानक सुटल्या, दोघंही फेनिटॉइनसोबत शंखपुष्पीचं आयुर्वेदिक सिरप घेत होते. मग उंदरांवर बघितलं तर काही दिवस दोन्ही सोबत दिल्यावर रक्तातलं फेनिटॉइन खाली आलं आणि असरही कमी झाला. एकाच डोसला लेव्हल हलली नव्हती पण असर तरीही घटला, हे जास्त घाबरवणारं. आणि प्लीज फेनिटॉइन स्वतःच्या मनाने वाढवू किंवा बंद करू नका, त्याचा डोस जरा वाढला तरी लेव्हल एकदम उडी मारते.

उंदीरमामा:
लॅबमध्ये हेच काम करतो म्हणून सांगतो. नेहमीच्या टेस्ट दोन, एकीत विजेचा शॉक, दुसरीत पीटीझेड नावाचं केमिकल टोचून झटके आणायचे. पण हे उंदीर धडधाकट असतात हो, त्यांना अपस्मार नसतोच, आपण त्यांना एकदा झटका आणतो एवढंच. ही फक्त चाळण आहे, आणि भोकं असलेली. लेव्हेटिरासिटाम हे फिट्सचं औषध या दोन्ही टेस्टमध्ये नापास झालं होतं, आज ते जगभर वापरतात. उलट अर्काने उंदीर नुसता पेंगुळला तरी झटके कमी दिसू शकतात, म्हणून फिरत्या दांडीवर तो टिकतो का तेही बघावं लागतं. पेपरमध्ये ते केलंय का बघा.
आणि मुख्य घोळ, शंखपुष्पी म्हणजे कुठली? कोणी विष्णुक्रांता घेतं, कोणी चक्क गोकर्ण. झाडच नक्की नाही तर टेस्ट कशाची केली म्हणायचं?

मधलीसुट्टी:
म्हणजे वनस्पती सगळ्या बाद असं नाही ना? गांजातलं कॅनाबिडिऑल २०१८ ला अमेरिकेत फिट्ससाठी मंजूर झालंच की.

उंदीरमामा:
झालं, पण कसं ते बघा. झाडातला एकच घटक शुद्ध करून, मोजून, ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ अशा अपस्माराच्या अवघड प्रकारांच्या पेशंटना चालू गोळ्यांच्या जोडीला दिला, बाकीच्यांना नुसतं प्लासिबो, म्हणजे तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. प्लासिबोवर पण काहींच्या फिट्स कमी होतात, त्यामुळे ‘आमच्या ओळखीत फरक पडला’ याला काही अर्थ उरत नाही. एवढं करूनही क्लोबाझाम या फिट्सच्या दुसऱ्या गोळीसोबत ते जास्त गुंगी आणतं आणि लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं.

पाऊसवेडा:
डॉक्टरांना फोन झाला, ते बरेच चिडले. सिरप बंद, उद्या लेव्हलची टेस्ट, कारण सिरप थांबल्यावर लेव्हल वर पण जाऊ शकते म्हणाले, तोल जातोय का, डोळे थरथरतायत का तेही बघायला सांगितलंय. आई आता विचारतेय, ब्राह्मी तरी चालेल का. तिला हा धागा वाचायला दिलाय.