मागच्या भिंतीत दार हवं की नको? (कॉलनीतल्यांची चर्चा, टोपणनावांनी)

जुनी अ‍ॅटलस: इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आपल्या कॉलनीची मागची भिंत संपली की सायकल ट्रॅक. माझ्या मुलाला खिडकीतून दिसतो. पण जायचं तर पुढच्या गेटनं बाहेर, मग एबी रोडवरून बस आणि मॅजिकच्या (छोट्या प्रवासी गाड्यांच्या) मधून वळसा. पाण्याच्या टाकीजवळ भिंत फोडून लहानसं दार करू या. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घ्यावा.

तीन नंबर: दार सायकलींसाठी आणि येणार बुलेट! भिंत नव्हती तेव्हा पोरं कशी गाड्या उडवत यायची, विसरलात? वर्गणी काढून भिंत घातली ती कशाला?

जुनी अ‍ॅटलस: आठवतंय, काका. मधे खांब रोवू ना.

गॅरेजवाला: भिया, खांबानं काही होत नाही. आत्ता टेप लावून आलो. माझी अ‍ॅक्टिवा हँडलपाशी ७० सेंटीमीटर, पोराची गिअरची सायकल ६८. एक अडली की दुसरीही अडणार. वळणाचं रेलिंग करा. सायकल मागच्या चाकावर उभी करून वळवता येते, अ‍ॅक्टिवा वळवून दाखवा! व्हीलचेअरला मात्र ९० चं सरळ दार लागतं, आणि त्यातून सगळंच जातं.

वरचा मजला: एवढा खटाटोप कोणासाठी? एबी रोडवरच्या बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गाच्या, ११.५ किलोमीटरलाही सायकल ट्रॅक होताच की, २०१३ पासून. त्यावर सायकली कमी, उभ्या कार जास्त. आता तर बीआरटीएसच काढायला घेतलं.

सकाळची फेरी: उलटं नका सांगू. कार उभ्या होत्या म्हणून सायकली नव्हत्या. त्याच ट्रॅकवरून भंवरकुआंहून नवलख्याला मी तीन वर्षं सायकलनं गेले. दर चार दुकानांमागे उतरायचं, सायकल उचलून रस्त्यावर घ्यायची, मागून हॉर्न खायचे. शेवटी स्कूटी घेतली. इथे ट्रॅक मोकळा आहे, आपणच त्याला पाठ करून बसलोय. फक्त जागा टाकीजवळची नको. तिथे नाली आहे आणि पलीकडची जमीन फूटभर वर. फूटभर उंचीला १२ फूट लांब उतार लागतो, तो बागेच्या कोपऱ्यातच बसेल.

तीन नंबर: बागेचा कोपरा म्हणजे माझ्या दारासमोर!

सकाळची फेरी: तुमच्या नजरेसमोर राहील ना, काका.

तीन नंबर: बरं. सकाळी ५ ते ९ उघडा, मग कुलूप. किल्ली माझ्याकडे.

जुनी अ‍ॅटलस: मुलगा ट्यूशनहून संध्याकाळी येतो, काका. आणि थंडीत तुम्ही दोन महिने ताईकडे पुण्याला असता.