बेक्डेल म्हणजे फक्त ती चाचणी नव्हे

एका ताईंनी लिहिलंय की अमेरिकन कॉमिक्स-चित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल म्हणजे सिनेमातल्या बायकांची ती चाचणी: सिनेमात दोन बायका एकमेकींशी पुरुषाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का? ती चाचणी १९८५च्या एका कॉमिक स्ट्रिपमधली, आणि कल्पनेचं श्रेय तिनं लिझ वॉलेस या मैत्रिणीला दिलंय. खरी कमाई आहे ती अख्खी स्ट्रिप, ‘डाइक्स टू वॉच आउट फॉर’, १९८३ ते २००८! लेस्बियन मैत्रिणींचा गोतावळा, त्यांची प्रेमं, भांडणं, नोकऱ्या, राजकारण. पात्रं वाचकांबरोबर वयानं वाढत गेली.

मग २००६मध्ये ‘फन होम’, तिचं स्वतःच्या घरावरचं, वडिलांवरचं चित्रमय आत्मकथन. वडील इंग्रजीचे शिक्षक, घरचा अंत्यविधीचा व्यवसाय, आणि स्वतःचं समलिंगी असणं त्यांनी दडवलेलं. ती प्रत्येक पात्राची पोझ स्वतः घेते, कॅमेऱ्यानं फोटो काढते आणि त्यावरून चित्र काढते, वडिलांचीसुद्धा. वडिलांच्या जागी उभं राहून त्यांना रेखाटायचं, हे मला फार मोठं वाटतं. जुनी पत्रं, फोटोही तिनं हातानंच उतरवलेत.

इथे कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या चित्रकलेच्या क्लासमध्ये मी ही पानं मुलींना दाखवते. हुबेहूब चित्र काढणाऱ्यांचं आपल्या गावाला भारी कौतुक, आणि ते रास्तच आहे. पण स्वतःच्या घरातलं न बोललेलं काढायला वेगळं धाडस लागतं. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी ‘फन होम’च आधी घ्या, चाचणीचं नंतर बघू.