मदत हवी आहे: कासवाला रानातला पाला कोणता द्यावा? (नाशिक)

इंदिरानगरचा_रहिवासी
नमस्कार. गेले दहा दिवस आमचे कासव काकडी आणि टोमॅटो यांखेरीज कशालाही तोंड लावत नाही, आणि कालपासून तर काकडीही निम्मी टाकते. इंटरनेटवर जिकडेतिकडे डँडेलियन द्या, प्लांटेन द्या (दोन्ही परदेशातली रानटी पालेदार झाडे) असे लिहिलेले आहे. ते नाशिकमध्ये कोठून आणायचे? मृगाच्या पावसानंतर पांडवलेणीच्या पायथ्याला आणि आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या भूखंडावर भरपूर हिरवे उगवले आहे. त्यातले काय तोडावे आणि काय टाळावे, एवढेच मला हवे आहे. 'डॉक्टरांना दाखवा' असे कृपया सांगू नये. दोघांनी आम्ही कुत्री-मांजरेच बघतो असे सांगून परत पाठवले आहे.

गोदाकाठ
कासव कोणते, केवढे आणि किती वर्षांचे आहे? कवचाच्या प्रत्येक उंचवट्यातून पिवळ्या रेषा चांदणीसारख्या फुटलेल्या असतील, तर ते आपल्याकडचे तारा कासव आहे. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि घरी पाळता येत नाही. तसे असेल तर पाल्याचा विचार बाजूला ठेवून आधी वनविभागाशी बोलावे.

इंदिरानगरचा_रहिवासी
तारा कासव नाही. जमिनीवरचे आहे, हे प्रश्नावरूनच कळायला हवे होते. मी झाडांची नावे विचारली आहेत.

म्हसरूळ_७७
आमचे कासव काचेच्या टाकीत असते आणि दुकानातल्या गोळ्यांवर चार वर्षे उत्तम वाढले आहे. आपणही गोळ्या सुरू कराव्यात, म्हणजे पाला हुडकत फिरण्याची कटकट मिटेल.

रानभाजीवाली
म्हसरूळकर, कानामागे तांबडा पट्टा असलेले आपले कासव पाण्यातले आहे. त्याच्या गोळ्यांत मासळी असते. गवत खाणाऱ्या कासवाला त्या नेमाने दिल्या, तर त्याचे मूत्रपिंड आणि यकृत दोन्हींवर ताण येतो.

आता मूळ प्रश्नाकडे. डँडेलियनसाठी हळहळण्याचे कारण नाही, कारण त्याच्याच कुळातली पाथरी आपल्याकडे बांधाबांधावर उगवते. तिची पाने जमिनीलगत चक्रासारखी पसरतात, फूल पिवळे असते आणि पान तोडले की पांढरा चीक येतो. मात्र चीक येतो म्हणजे पाथरीच, असे समजू नये. रुई आणि दुधी (भोपळा नव्हे, त्या नावाचे तण) यांनाही चीक असतो आणि त्या दोन्ही देऊ नयेत. पाथरीच्या जोडीला केना, कंबरमोडी, जास्वंदाची पाने व फुले, तुतीचा पाला आणि काटे भाजून काढलेला फड्या निवडुंग द्यावा. शेवग्याचा पाला कॅल्शियमसाठी चांगला, पण मूठभरच. गाजरगवत, घाणेरी, धोतरा, एरंड आणि कण्हेर यांना हातही लावू नये. टाकळ्याची भाजी आपण आवडीने खातो, पण तो सोनामुखीच्या जातीचा असल्यामुळे मी कासवाला देत नाही.

माझी आजी म्हणायची की जी भाजी शेळी खाते ती माणसाने खावी. कासवाला मात्र हा नियम लावू नये, कारण शेळी रुईसुद्धा चघळते.

मखमलाबादचा_बागाईतदार
एवढी यादी कशाला? द्राक्षाचा पाला द्यावा. कासवे तो आवडीने खातात, आणि आमच्याकडे शेंडे खुडल्यावर ढीग पडतो. कधीही येऊन पोतेभर न्यावा.

रानभाजीवाली
दादा, द्राक्षाचे पान उत्तम, यात वाद नाही. पण या दिवसांत डावणी आणि भुरी या रोगांसाठी आपण किती फवारण्या करता, हे आपणच सांगावे. मोरचुदाची निळसर झाक असलेले पान जनावरापुढे ठेवू नये.

मखमलाबादचा_बागाईतदार
ताई, शेतकरी विष पिकवतो असा सूर लावू नये. औषध मारल्यावर किती दिवस थांबायचे, हे आम्हाला चांगले कळते. आमची द्राक्षे तपासणी होऊन युरोपात जातात.

रानभाजीवाली
ती तपासणी फळाची होते, जूनमधल्या पानाची नव्हे. माणूस द्राक्षे चार दिवस खाईल. कासव तोच पाला रोज खाणार.

मखमलाबादचा_बागाईतदार
ठीक आहे. घरामागच्या मांडवावर एक वेल आहे, तिला आम्ही काहीच मारत नाही. तिची पाने देईन.

सातपूर_कॉलनी
मी घोळ सुचवतो. आता सगळीकडे आहे, लुसलुशीत असते आणि कासव तुटून पडते.

गोदाकाठ
घोळ आणि तांदुळजा यांत ऑक्झलेट बरेच असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ पडते. रोज देऊ नये.

सातपूर_कॉलनी
रोज द्या असे मी म्हटलेलेच नाही. आठवड्यातून एकदा मिसळून दिल्याने काही बिघडत नाही. एकाच पाल्यावर न राहता दहा प्रकार थोडेथोडे दिले, म्हणजे एकाचा दोष दुसरा झाकतो. वैविध्य हवे ते याचसाठी.

गोदाकाठ
हे मान्य. पण जात अजून कळलेली नाही. काही जाती फळे पचवतात, काहींचे पोट त्याने बिघडते.

इंदिरानगरचा_रहिवासी
सुल्काटा आहे. तीन वर्षांचे, कवचाची लांबी अठरा सेंटिमीटर. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी झालेली आहे, तेव्हा त्यावर पुन्हा चर्चा नको.

गोदाकाठ
हे आधीच सांगितले असते तर निम्मा धागा वाचला असता. सुल्काटा आफ्रिकेतल्या सहाराच्या दक्षिण कडेचे कासव आहे आणि मुख्यतः गवतावर जगते. त्याच्या ताटात तीन वाटे गवत आणि एक वाटा बाकीचा पाला असावा. हरळी आणि मारवेल आपल्याकडे मुबलक आहेत. दिवाळीनंतर कुसळे धरलेले गवत मात्र आणू नये, ती तोंडात आणि डोळ्यांत रुततात. काकडी म्हणजे निव्वळ पाणी, आणि टोमॅटोची गोडी लागली की गवत नकोसे होते. म्हणून गवत कात्रीने बारीक कापून काकडीच्या किसात कालवावे आणि काकडी रोज थोडी कमी करत जावी. महिनाभर लागेल. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, कॅल्शियमसाठी त्याचा एक तुकडा कासवाजवळ ठेवावा.

एक सांगावे: कासव ठेवता कोठे?

पंचवटीकर
कासव उत्तराभिमुख ठेवल्यास घरात लक्ष्मी टिकते, असे आमच्याकडे मानतात.

गोदाकाठ
पंचवटीकर, ते धातूचे.

इंदिरानगरचा_रहिवासी
बंद बाल्कनीत, फरशीवर. काच असल्यामुळे पाऊस आत येत नाही आणि उजेड भरपूर असतो. उन्हाळ्यात तेथेच मजेत होते. याचा खाण्याशी काय संबंध?

गोदाकाठ
सगळा संबंध येथेच आहे. उन्हाळ्यात ती फरशी तापत होती. आता आठवडाभर आभाळ आहे आणि फरशी गार आहे. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर पचन मंदावते, आणि मग पाथरी ठेवा की काकडी, ते तोंड फिरवणारच. शिवाय उन्हातल्या ज्या यूव्हीबी किरणांनी त्याच्या अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होते, ते काचेतून जवळजवळ आत येत नाहीत. म्हणजे तो उजेड फक्त आपल्याला दिसण्यापुरता. एका कोपऱ्यात दिवा लावून त्याखालची जागा ३५ अंशांच्या आसपास ठेवावी, दुसरा कोपरा थंड असू द्यावा आणि यूव्हीबी नळी वेगळी लावावी. रोज पंधरा मिनिटे हनुवटीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात बसवावे. ऊब मिळूनही चार दिवसांत खाल्ले नाही, किंवा नाकातून पाणी आले, तर सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर शोधावाच लागेल, मग तो मुंबई-पुण्याला का असेना.

रानभाजीवाली
आणि त्या मोकळ्या भूखंडाचे काय? सोसायटीचा माळी तेथे तणनाशक मारत नाही ना? गवत कडेने पिवळे पडलेले दिसले तर तेथले काहीही आणू नये.

इंदिरानगरचा_रहिवासी
माळ्याला विचारले. पंधरा दिवसांपूर्वी मारले होते. तेथून मी एकदाच, गेल्या रविवारी, मूठभर आणले होते आणि कासवाने ते खाल्ले नाही. खाल्ले नाही म्हणून मी त्याच्यावर रागावलो होतो.

इंदिरानगरचा_रहिवासी
(पाच दिवसांनी) दिवा लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी जास्वंदाचे फूल खाल्ले, काल काकडीत कालवलेली हरळी बरीचशी संपवली आणि पाथरी मात्र निवडून बाजूला ठेवली. बागाईतदार दादांच्या मांडवाची पाने परवा आणणार आहे. यूव्हीबी नळी नाशिकमध्ये कोणाला मिळाली असल्यास कळवावे.

गोदाकाठ
चांगले झाले. पाथरीची कोवळी पाने घेऊन अजून बारीक चिरावी. वजन किती भरले? ते अजून सांगितलेले नाही.