कुलधराला भूत दाखवायचं की खडीन?

घोडबंदरकर:
दिवाळीनंतर सोसायटीतली पाच कुटुंबं मिळून जैसलमेर करून आलो. शहरापासून साधारण १८ किमीवर कुलधरा आहे, पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव, एकोणिसाव्या शतकात रिकामं झालेलं. गाईडने वीस मिनिटांत काय सांगितलं तर दिवाण सालिमसिंगची एका मुलीवर नजर गेली, ८४ गावं एका रात्रीत उठली, जाताना शाप दिला, अंधार पडल्यावर इथे कोणी थांबत नाही. संपलं! आमच्याच ग्रुपमधली दोन पोरं पडक्या भिंतीवर चढून रील काढत होती, वरचा दगड डुगडुगतोय आणि कोणी काही बोलेना, मी ओरडलो तर म्हणे काका चिल.

अहो, जिथे वर्षाला दीडशे-दोनशे मिमी पाऊस पडतो तिथे या लोकांनी गहू पिकवला. उताराच्या खालच्या टोकाला मातीचा लांब बांध घालायचा, वाहून आलेलं पाणी तिथे अडवायचं, मुरू द्यायचं, आणि पाणी ओसरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा. त्याला खडीन म्हणतात, त्या भागात आजही करतात. हे आम्हाला गाईडने नाही, परतताना ड्रायव्हरने दाखवलं. इथे ठाण्यात अडीच हजार मिमी कोसळतो आणि मेमध्ये आमच्या गेटवर टँकरची रांग.

माझं मत: रोज ठरावीकच माणसं आत सोडा, भिंतीवर चढला की दंड, तिकिटाचा वाटा आसपासच्या गावांना द्या आणि तिथल्याच पोरांना गाईड करा.

नेरूळचा नाना:
साहेब, शाप नसता तर तुम्ही गेला असता का? खरं सांगा. मातीचा बांध बघायला पाच कुटुंबं कोण काढतं घरातून. तिथला सीझन ऑक्टोबर ते मार्च, तेवढ्यात वर्षाचं कमवायचं असतं त्या लोकांना. ठरावीक माणसं म्हणजे ऑनलाइन स्लॉट, ते सगळे एजंट उचलणार आणि जीपवाला बसणार हात चोळत. आणि एक विचारतो, राहिलात कुठे? समच्या वाळूच्या टेकड्यांजवळ टेंटमध्येच ना, गरम पाण्याच्या शॉवरवाल्या?

घोडबंदरकर:
समलाच. पकडलंत. शॉवर होता आणि दोन वेळा आंघोळ पण केली. पण म्हणून बोलूच नये का? आणि गोष्ट बंद करा असं मी कुठे म्हटलं, निदान ही दंतकथा आहे एवढं तरी सांगा. जाचक कर, आटलेलं पाणी, भूकंप, गाव का सुटलं याची बरीच कारणं अभ्यासक मांडतात.

कळव्याची ताई:
घोडबंदरकर, कुलधरात निदान माणसं राहत नाहीत. किल्ल्याचं काय? जैसलमेरचा किल्ला ११५६ चा, २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, आत अजून लोकवस्ती आहे. आम्ही मागे आतल्याच एका गेस्टहाऊसला उतरलो होतो, खिडकीत अख्खं शहर, फार भारी वाटलं. रात्री बेसिनचा नळ सोडला की पाणी कुठेतरी भिंतीतून गेल्याचा आवाज यायचा. नंतर वाचलं की नळ-गटाराचं पाणी खालच्या टेकडीत मुरून पाया भुसभुशीत झालाय, बुरूज ढासळलेत. पूर्वी पाणी डोक्यावरून आणायचे, घागरभर पाण्यात दिवस काढायचे, आता प्रत्येक खोलीला बाथरूम. आता तिथल्या बाईला मी काय सांगू, तुझं गेस्टहाऊस बंद कर? तिचं घर आहे ते. पुढच्या वेळी खाली शहरात उतरेन, एवढंच माझ्या हातात.

ऐरोलीचा पक्षीवेडा:
समच्या डीजेबद्दल कोणीच बोलत नाहीये. त्याच पट्ट्यात माळढोक पक्षी आहे, समला त्याचं प्रजनन केंद्र आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक जवळपास दिसेनासाच झाला, तिथे थोडे उरलेत, आणि आपण रात्री अकराला ढाण ढाण. ठराविक माणसं वगैरे नंतर, आधी स्पीकर बंद करा.

नेरूळचा नाना:
स्पीकरचं मान्य, शंभर टक्के. पण तिकिटाच्या वाट्याचं मला अजून पटत नाही. पालीवाल तर निघून गेले, मग वाटा नक्की कोणाला? शेजारच्या गावाने काय म्हणून घ्यायचा?

घोडबंदरकर:
खडीन आज जे कसतायत त्यांना. ते बांध दर पावसाळ्यात दुरुस्त करावे लागतात, फुकटात होत नाही.

नेरूळचा नाना:
हं. हे जरा बरं आहे. तरी तो पैसा तिथवर पोचेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. बरं, मुलगा जानेवारीत चाललाय, ते खडीन रस्त्यावरून दिसतं का?

घोडबंदरकर:
दिसतं. कुलधरावरून पुढे खाभ्याकडे जायला सांगा, तेही पालीवालांचंच गाव, छोटा किल्ला आहे, गर्दी नसते. सगळीकडे करडं आणि मधेच एक हिरवा तुकडा दिसला की गाडी थांबवा. आम्ही गेलो तेव्हा नुकतं पेरलं होतं, जानेवारीत गहू उभा असेल. फक्त आत उतरू नका म्हणावं, वरून कोरडं दिसतं, आमच्या हिची एक चप्पल अजून तिथेच आहे.