सायकल चोरीला गेली तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

मधुरा_पुणे: काल आईच्या बटणांच्या डब्यात एक बारीक किल्ली सापडली. हातात घेतल्याबरोबर ओळखली. १९९५ मध्ये दहावीच्या सुट्टीत बाबांनी घेऊन दिलेल्या बीएसए एसएलआरची. सायकल अकरा महिन्यांत गेली, किल्ली राहिली.

टिळक रोडला क्लासबाहेर लावली होती, मागच्या चाकाचं कुलूप घालून. सुटल्यावर बघते तर माझ्या जागी दुसरीच सायकल. मागचं चाक उचललं की कुलूपबंद सायकलही पुढच्या चाकावर ढकलत नेता येते, हे त्या दिवशी कळलं. चौकीत पहिला प्रश्न, "फ्रेमचा नंबर?" असा नंबर असतो हेच मला माहीत नव्हतं, पावती सापडेना. बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता लेकीला सायकल घेतोय म्हणून विचारते. तुमच्या गेल्या का? परत मिळाल्या?

रानवारा: आमची मिळाली! जुन्या बाजारात. दादा दर बुधवारी नि रविवारी चकरा मारायचा. तिसऱ्या रविवारी दिसली, काळा रंग फासलेली, पण कॅरिअरला मी गुंडाळलेली हिरवी वायर तशीच होती. पावती खिशात होती म्हणून विकणारा गप्प बसला. आई त्या दिवशी रडली होती.

सांगलीकर: सायकल नाही, सीट गेली. कॉलेजपासून विश्रामबागपर्यंत उभ्याने चालवत आलो. त्याच महिन्यात डायनॅमो पण गेला

दोनचाकी: मधुराताई, घेतल्या दिवशी सायकल उलटी करा. पँडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिच्या खाली नंबर ठोकलेला असतो. नसला तर सीटखालच्या नळीवर किंवा हँडलखाली बघा. नंबर, बिल आणि लेकीसोबत सायकलचा एक फोटो, तिन्ही स्वतःलाच मेल करून ठेवा.

आणि गेलीच तर 'हरवली' लिहू नका, 'चोरी' लिहा. बिल जपा, कारण जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र धरतात, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. किंमत कागदावर दिसली पाहिजे.

शमा_नाशिक: सोसायटीच्या पार्किंगमधून गेली माझ्या मुलाची. वायरचं कुलूप होतं, प्लास्टिकचं आवरण असलेलं. कॅमेऱ्यात दिसतंय, टोपीवाला मुलगा खाली बसला, कटर काढला, झालं. वॉचमनकाका आठवडाभर जेवले नाहीत नीट, त्यांचीच चूक असल्यासारखे. त्यांना समजावता समजावता माझंच दुःख मागे पडलं

रानवारा: @शमा अगं बाई. काका कसे आहेत आता?

शमा_नाशिक: बरे आहेत. नातू झाला त्यांना 😊

उट्रेख्टहून: इथे नेदरलँड्समध्ये प्रत्येकाची एक तरी गेलेलीच असते. दोन कुलपं लावतात, मागच्या चाकाचं आणि शिवाय जाड साखळी. साखळी फ्रेम आणि चाक दोन्हीतून घेऊन जमिनीत रोवलेल्या कठड्याला. नुसतं चाक बांधलं तर चाकच उरतं. पुढचं चाक खटक्याने निघणारं असेल तर खटका काढून नटबोल्ट बसवून घ्या. स्टेशनखाली १२,५०० सायकलींचं स्टँड आहे, पहिले २४ तास फुकट, त्यामुळे रात्री रस्त्यावर ठेवायची वेळच येत नाही. आपल्या प्रत्येक स्टेशनला असं का नाही, हे मला दर सुट्टीत खुपतं.

अप्पा६२: आमच्या सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला असायचा, दरवर्षी कर भरून नवा. वडील तो ब्रासोने घासायचे. त्यांची सायकल गावात सगळे ओळखत, एसटी स्टँडवर उघडी ठेवली तरी कोणी हात लावत नसे. बिल्ले आहेत अजून माझ्याकडे, सात.

रानवारा: अप्पा फोटो टाका ना

सांगलीकर: लेक कितवीत आहे? पाचवी-सहावी असेल तर २४ इंची बघा, २० लगेच लहान होते. गिअर नको अजून

मधुरा_पुणे: सहावीत. २४ इंचीच ठरली, लाल. साखळी आणि यू-लॉक दोन्ही घेते. @दोनचाकी, वाचल्या वाचल्या खाली जाऊन नवऱ्याची सायकल उलटी केली. मातीखाली नंबर निघाला, अकरा वर्षं कोणी पाहिला नव्हता. कुकर झालाय, उरलेल्यांना रात्री उत्तर देते. अप्पा, बिल्ल्यांचा फोटो नक्की टाका, बाबांना दाखवायचाय.